कर्ज वेळेवर फिटलं, बाईच्या दुखण्याचं काय?

इंदूरच्या दलित वस्त्यांमधल्या बचत गटांबद्दल बोलायचं तर आधी त्यांची कर्जाची वही वाचायला पाहिजे. त्यात एक रकाना असतो, कर्ज कशासाठी घेतलं. तिथं लिहिलेलं असतं शिलाई मशीन, किराणा, मुलाची फी, घराची दुरुस्ती, आणि मग शेजारी बसून हळूच विचारलं की ताई मशीन घेतलीत का, तर सांगतात नाही हो, सासऱ्यांचं ऑपरेशन होतं, किंवा माझीच सोनोग्राफी आणि औषधं होती, बँकवाल्यांना धंदा आवडतो म्हणून मशीन लिहिलं. मी मालवा मिलकडच्या वस्तीत वाढले, गटाच्या हिशोबाचं काम बरीच वर्षं बघतेय, आणि मला तरी असं दिसतं की या वह्यांमधे जेवढा धंदा लिहिलेला आहे त्यातला केवढातरी भाग खरं म्हणजे दवाखाना आहे.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. दलित बायकांचा बचत गट आरोग्याच्या कामाला हातच लावत नसेल तर तो घरातलं आजारपण उधारीवर चालवून देतो, बाकी फार काही होत नाही. आणि उलट बाजूने, आरोग्याचा जो कार्यक्रम या बायकांच्या हातात ना पैसा देतो ना खुर्ची, तो नुसता उपदेश होतो, हात धुवा, पालेभाजी खा, लोहाच्या गोळ्या घ्या. दोन्ही कामं एकाच गटाने करावी, त्याची सूत्रं याच बायकांकडे असावी आणि आरोग्याचं काम करणाऱ्या बाईला त्याचा पगार मिळावा, एवढं मला मांडायचं आहे. यातल्या पगाराच्या मुद्द्यावर लोक सगळ्यात जास्त वाद घालतात, त्यावर पुढे येते.

इंदूरच्या मराठी लोकांना हे पटकन कळायला हवं, कारण आपल्यातल्या कितीतरी घरांचा इतिहास गिरण्यांचा आहे. राजवाडा, रामबागकडच्या जुन्या होळकरी घरांची गोष्ट वेगळी, पण खानदेश, वऱ्हाड, निमाडातून जी बौद्ध आणि बाकीची दलित कुटुंबं इथं आली ती हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी अशा मिलांच्या भोंग्यावर जगली. मिलची नोकरी म्हणजे पगार तर होताच, पण त्याच्याबरोबर ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं कार्ड होतं, नंदानगरचं बीमा हॉस्पिटल होतं, बायकोचं बाळंतपण, पोरांचा टायफॉईड, म्हातारीचा दमा, सगळं त्या कार्डावर व्हायचं. डिसेंबर 1991 मधे हुकुमचंद मिल बंद पडली, 5,895 कामगारांचे पैसे अडकले, आणि राहिलेल्या देण्यांचा 224 कोटींचा चेक निघायला डिसेंबर 2023 उजाडला. त्या बातमीच्या वेळी सगळे पैशाबद्दल बोलले, वाट बघत बघत जे गेले त्यांच्याबद्दलही बोलले, आणि ते बोलायलाच हवं होतं. पण मिलबरोबर घराचा विमा गेला त्याबद्दल कोणी बोललं नाही. घर चालवायला बायका बाहेर पडल्या, कोणी चार घरची धुणीभांडी धरली, कोणी ठेकेदाराकडे झाडूवर लागली, कोणी अगरबत्ती वळते, कोणी रेडीमेडच्या कारखान्यात धागे कापते, यातल्या बहुतेकींच्या कामात कसलंच कार्ड नाही. म्हणजे कमाईची जबाबदारी बाईवर आली आणि नेमकी तेव्हाच दवाखान्याची सोय घरातून गेली.

2017 पासून इंदूर स्वच्छतेत देशात सगळ्यात वर आहे, आणि मला त्याचा मनापासून अभिमान आहे, बाहेरगावचे पाहुणे आले की मी स्वतः त्यांना रस्ते दाखवत फिरते. पण जिच्या झाडूवर हा नंबर उभा आहे त्या बाईचं हिमोग्लोबिन किती, बीपी किती, धूळ खाऊन खाऊन तिला खोकला किती दिवसांचा आहे, हे कोणाला माहीत आहे? यातल्या बहुतेक जणी वाल्मिकी समाजाच्या, काही आपल्या वस्त्यांमधल्या. 2018 मधे संयुक्त राष्ट्रांच्या महिला विभागाने एक अहवाल काढला होता, त्यात भारतातल्या दलित बाईचं मरतानाचं सरासरी वय सवर्ण बाईपेक्षा 14.6 वर्षांनी कमी असल्याचं लिहिलंय. साडेचौदा वर्षं. एवढ्यात मुलगी पहिलीपासून कॉलेजपर्यंत पोचते, नातवंडं मोठी होतात, आणि आईने ते बघायचं की नाही हे आपल्याकडे बऱ्याच अंशी जात ठरवते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना रक्तक्षय निघाला, म्हणजे हे दुखणं सगळ्याच बायकांचं आहे असं कोणी म्हणेल, आणि आहेच, पण सगळ्या बायकांना पहाटे चारला उठून थंडीत रस्ता झाडायचा नसतो.

आता महाराष्ट्रातल्या जामखेडबद्दल. ज्या जामखेड तालुक्यातल्या चौंडीत अहिल्याबाईंचा जन्म झाला, आणि ज्यांच्या नावाने आपलं शहर दर वर्षी पालखी काढतं, त्याच तालुक्यात 1970 मधे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या नवरा-बायकोनी ग्रामीण आरोग्याचं काम सुरू केलं. तिथं दुष्काळ, कुपोषण आणि जातिभेद तिन्ही भरपूर होते. सुरुवातीला त्यांनी शिकलेल्या नर्स गावात पाठवून बघितल्या, ते काही जमलं नाही, मग गावानेच आपल्यातली एक बाई निवडायची असं ठरलं, आणि अशा निवडलेल्या बायकांमधे कितीतरी दलित होत्या, कितीतरी जणींना लिहिता वाचता येत नव्हतं. त्या बायका दर आठवड्याला केंद्रावर यायच्या, मुक्काम करायच्या, एका पंगतीत जेवायच्या, एका खोलीत झोपायच्या, आणि बाळंतपण, जुलाब, क्षयरोग, कुष्ठरोग सगळं शिकून परत जायच्या. तिथं 1971 च्या सुमारास हजार जन्मांमागे 176 बालमृत्यू होते, ते 1990 च्या दशकात तिशीच्या खाली आले. 1979 मधे आरोळे दांपत्याला मॅगसेसे मिळालं, हे आपण अभिमानाने सांगतो, पण मला त्यातलं एकत्र जेवण आणि एकत्र झोपणं जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण ज्या बाईच्या हातचं पाणी गाव पीत नव्हतं तिच्या हातात गावातल्या प्रत्येक घरचं बाळ द्यायचं होतं, आणि ते नुसत्या ट्रेनिंगच्या पुस्तकाने होत नाही. दुसरं म्हणजे तिथं आरोग्याच्या जोडीला महिला मंडळं होती, छोट्या धंद्यासाठी कर्जं होती, म्हणजे ती बाई गावात डोकं वर करून फिरू शकत होती ती दोन्ही कारणांनी, तिला औषध कळत होतं आणि तिच्याकडे स्वतःचे चार पैसे होते.

याच्या शेजारी आपलं मध्य प्रदेशातलं ठेवून बघा. 1995 मधे आपल्याकडे जन स्वास्थ्य रक्षक नावाची योजना निघाली होती. बहुतेक पुरुष निवडले गेले, आणि ट्रेनिंग घेऊन त्यातल्या बऱ्याच जणांनी सुया टोचायचे आपापले दवाखाने थाटले. मग 2005 मधे ग्रामीण आरोग्य मिशन आलं आणि आशा आली, 2013 मधे शहरी मिशन आलं आणि वस्त्यांमधेही आशा दीदी आली. आशांनी काय काम केलंय ते कोरोनात सगळ्यांनी बघितलं, 2022 मधे जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा सन्मान केला, त्याबद्दल माझ्या मनात फक्त आदर आहे. माझा प्रश्न निवडीचा आहे. आधी आठवी, नंतर दहावी अशी शिक्षणाची अट आली, आणि दलित वस्तीत जी बाई खरी माहीतगार असते, चाळीस-पंचेचाळीसची, जिच्याकडे सगळ्या गल्लीतल्या पोरी मनातलं बोलतात, ती बहुतेक वेळा चौथी-पाचवीवर थांबलेली असते. तिच्या आई-आजी सुईणी होत्या. नाळ कापायचं, वार पुरायचं, बाळंतिणीचे कपडे धुवायचे, हे काम घाण म्हणून जातीने शतकानुशतकं दलित बायकांच्या गळ्यात घातलं, आणि ते काम करता करता त्या जे शिकल्या त्याला कोणी विद्या म्हटलं नाही. बाळंतपणं दवाखान्यात व्हायला लागली, आई आणि बाळ वाचायला लागली, हे फार चांगलं झालं, तिथं माझा काहीच वाद नाही, पण त्या बदलात सुईणीला पुढचं काही शिकवून बरोबर घेतलं असतं तर काय बिघडलं असतं? ते काम घाणीचं होतं तोपर्यंत तिचं होतं आणि त्याला मानधन, साडी, ओळखपत्र लागलं तेव्हा ते बऱ्याच ठिकाणी दुसऱ्याच घरात गेलं.

कोणी विचारेल की गट बांधल्याने तब्येती सुधारतात याला पुरावा काय. आहे, पण तो सरळसोट नाही आणि तो पूर्ण सांगायला हवा. झारखंड आणि ओडिशात एकजूट नावाच्या संस्थेने गावागावात बायकांच्या महिन्याच्या बैठका घेतल्या, गावातलीच एक बाई बैठक चालवायची, चित्रं, गोष्टी, खेळ यांच्यावर चर्चा, आपल्याकडे बाळं का दगावतात आणि आपण काय करू शकतो यावर. 2010 मधे निकाल छापून आला, तीन वर्षांत नवजात बाळांचे मृत्यू 32 टक्क्यांनी कमी. मोठी गोष्ट आहे. पण मुंबईच्या झोपडपट्ट्यांमधे स्नेहा संस्थेने साधारण तसाच प्रयोग केला, त्याचा निकाल 2012 मधे आला, आणि तिथं नवजात मृत्यूंमधे असा फरक दिसला नाही. मला वाटतं आपल्यासारख्या शहरातल्या लोकांनी मुंबईचा निकाल जास्त लक्ष देऊन वाचावा. गावात नाळ स्वच्छ ब्लेडने कापणं, बाळाला लगेच कोरडं करून ऊब देणं यानेच मोठा फरक पडतो आणि ते बायकांच्या हातात असतं. शहरात बाळंतपण आधीच दवाखान्यात होतंय, तिथं जीव वाचतो की नाही ते ठरतं ड्यूटीवर कोण आहे, रक्त मिळतं का, रेफर करताना ऍम्ब्युलन्स येते का यावर, आणि वस्तीतल्या बैठकीत कितीही छान चर्चा झाली तरी या गोष्टी हलत नाहीत. म्हणून शहरातल्या गटाला माहिती देऊन भागत नाही, त्याला दवाखान्याकडून काम करून घेता आलं पाहिजे.

आणि हे इंदूरमधे झालेलं आहे. अर्बन हेल्थ रिसोर्स सेंटर नावाच्या संस्थेने इथल्या वस्त्यांमधे बरीच वर्षं बायकांचे समूह बांधले, आणि त्यांची पद्धत मला फार आवडते कारण त्यात कसलाही तमाशा नाही, अर्ज लिहायचा, सगळ्यांनी सह्या-अंगठे करायचे, ऑफिसात द्यायचा, पोच घ्यायची, झेरॉक्स फाइलला लावायची, काही झालं नाही की स्मरणपत्र, परत पोच, परत स्मरणपत्र. नळाची लाइन, ड्रेनेज, लसीकरणाचं सत्र अशा गोष्टींसाठी. अडीअडचणीला उचलता यावा म्हणून त्या समूहांनी आरोग्यासाठी वेगळा निधीही साठवला. ज्या बाईला कधी ऑफिसच्या दारात उभं राहू दिलं नाही तिच्या हातात शिक्का मारलेली पोच असणं म्हणजे काय हे ज्यांना जन्मापासून ऑफिसं मोकळी होती त्यांना कळणार नाही कदाचित.

गटाला जे माहीत असतं ते कुठल्याही सरकारी यादीला माहीत नसतं, याचं मला सगळ्यात पटणारं उदाहरण सिकलसेलचं, म्हणजे आई-बापाकडून मुलात येणाऱ्या रक्ताच्या आजाराचं आहे, आणि यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण आपल्या समाजात यावर कोणी बोलत नाही. 1 जुलै 2023 ला आपल्याच राज्यात शहडोलला सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, 17 राज्यं, आदिवासी भागातल्या 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी, 2047 पर्यंतचं लक्ष्य. चांगली मोहीम आहे, आदिवासींना ती फार आधी मिळायला हवी होती. पण विदर्भातल्या कुठल्याही डॉक्टरला विचारा, तो सांगेल की हा आजार आदिवासींबरोबर पूर्वाश्रमीच्या महार समाजातही आहे. आता जी बौद्ध कुटुंबं दोन-तीन पिढ्यांपूर्वी नागपूर, भंडारा, वर्धा, चंद्रपूरकडून इंदूरला आली, ती ना आदिवासी भागात राहतात ना आदिवासी म्हणून मोजली जातात, त्यांना या मोहिमेत विचारणार कोण? मुलीचे सांधे दुखतात, घरचे म्हणतात वात आहे. सारखी थकते, तर म्हणतात आळशी आहे, मोबाईल बघत बसते. कावीळ वाटते म्हणून झाडपाल्याचं औषध बांधायला नेतात. बाळंतपणात अचानक गुंतागुंत होते आणि मग कुठंतरी मोठ्या हॉस्पिटलात पहिल्यांदा कळतं. नवरा-बायको दोघंही वाहक असले, म्हणजे स्वतः आजारी नसले तरी आजार मुलात देऊ शकत असले, तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी निघायची शक्यता 25 टक्के असते, आणि आपल्याकडे लग्नं अजूनही त्याच नात्यागोत्यात, त्याच जिल्ह्यांकडच्या स्थळांत जुळतात.

पहिली तपासणी अगदी साधी आणि स्वस्त आहे, बोटातून रक्ताचा थेंब, त्यात काही निघालं तर पुढची पक्की तपासणी. पण कोणाकडे जायचं हे यादीवरून कळणार नाही, गटातल्या बाईला कळेल, कारण अमुक वहिनीचं माहेर पवनीचं, तमक्या काकूंची बहीण पोरवयातच सांधेदुखीने गेली हे तिला बसल्या जागी माहीत असतं. आणि इथं गटावर मोठी जबाबदारी पण येते, कारण नीट सांभाळलं नाही तर हीच माहिती मुलीचं लग्न मोडायला वापरली जाईल, मुलाची तपासणी कोणी करणार नाही आणि दोष मुलीवर. म्हणून माझं म्हणणं आहे की तपासणी करायची तर आधी मुलग्यांची करा, कॉलनीतल्या व्यायामशाळेत, क्रिकेटच्या मैदानावर, जयंतीच्या मंडळात. एप्रिलमधे महूला जाणाऱ्या बसमधे चढायच्या आधी मंडळातल्या पोरांनी रक्ताचा एक थेंब द्यावा, जयंतीचा याहून चांगला उपयोग मला तरी सुचत नाही.

जातीबद्दल स्पष्ट बोलायला हवं. मिश्र गट बनवले की जात विरघळते असं ट्रेनिंगमधे सांगतात. बैठक कोणाच्या ओट्यावर होते ते बघा, चहा कोणाच्या घरून येतो आणि कोण उपास आहे म्हणून नको म्हणते ते बघा, रजिस्टर आणि पासबुक कोणाच्या कपाटात असतं ते बघा. दलित बाई अध्यक्ष असते कागदावर, सही करायला. म्हणून माझं मत असं की दलित बायकांचे गट आधी वेगळे असावेत, तिथं त्यांनी हिशोब, बोलणं, भांडणं, माघार घेणं सगळं आपल्या जागेत शिकावं, आणि मग वस्तीच्या महासंघात बाकीच्या गटांबरोबर बरोबरीने बसावं. हे फूट पाडणं आहे असं म्हणणाऱ्यांना मी म्हणेन की फूट आधीच आहे, आम्ही फक्त तिच्यामुळे गप्प बसायचं सोडतोय. आणि हेही आपल्याच लोकांना सांगते, बौद्ध वस्तीतल्या किती बायका वाल्मिकी बाईच्या घरी बसून चहा घेतात? दलित म्हणून एकत्र यायचं तर ही पायरीही उतरायला लागेल, नाहीतर आपण वरच्यांकडून जे शिकलो तेच खाली देत राहू.

पैशाचं थोडक्यात सांगते. बचत गट आणि मायक्रोफायनान्स कंपनीचं ग्रुप लोन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण वस्तीत दोन्हीला समूहच म्हणतात आणि घोटाळा तिथं होतो. 1992 मधे नाबार्डने, म्हणजे शेती आणि ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेने, बचत गटांना बँकांशी जोडायला सुरुवात केली तेव्हा कल्पना अशी होती की बायका आधी स्वतःची बचत करतील, आपसात देतील-घेतील आणि मग बँकेचं कर्ज येईल. कंपनीच्या लोनमधे बचत नसते, थेट कर्ज, आठवड्याला हप्ता, आणि एकीने नाही भरला तर बाकीच्या तिच्या दारात. रिझर्व्ह बँकेने 2022 मधे नियम केला की असं कर्ज घेणाऱ्या कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून कमाईच्या निम्म्याच्या वर जाऊ नयेत. पण आजारी माणूस घरात असेल तर निम्मी कमाईसुद्धा कुठली हातात राहते? म्हणून आजारपणासाठी गटाने वेगळी पेटी ठेवावी, 15 बायकांनी महिना 20 रुपये वेगळे टाकले तरी वर्षाला 3,600 होतात, फार नाहीत, पण रात्री रिक्षा करून दवाखाना गाठायला, तपासणी करायला, दोन आठवड्यांच्या औषधाला पुरतात. आणि या पेटीतून घेतलेल्या पैशावर व्याज अजिबात नको. गटाचं दोन टक्के महिना व्याज धंद्याला ठीक असेल, तापाला नाही.

आयुष्मान कार्ड आहे ना, असं लगेच म्हणतात. आहे, 2018 पासून, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत, आणि मोठ्या ऑपरेशनला त्याने खरंच घरं वाचलीत. पण ते भरती झाल्यावर चालतं. शुगरच्या रोजच्या गोळ्या, बीपी, पांढरं जाणं, कंबर, दात, चष्मा, यातलं काहीच भरती होण्याचं नाही आणि बायकांचा पैसा त्यातच जातो. उलट भरती झालं तरच पैसे मिळणार असतील तर बाईला न लागणारं ऑपरेशन सुचवलं जायची भीती असते. 2019 मधे बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याचा प्रकार बाहेर आला, तिशीतल्या बायका, मजुरी बुडू नये म्हणून, पाळी नको म्हणून, कोणी कॅन्सरची भीती घातली म्हणून. तशा वेळी एक तरी बाई बरोबर गेली असती आणि म्हणाली असती की डॉक्टरसाहेब, कागद द्या, आम्ही दुसरीकडे दाखवून येतो, तर कितीतरी जणी वाचल्या असत्या. मी याला गटाचं सगळ्यात मोठं काम मानते, एकटीला न पाठवणं.

आता सगळ्यात भारी आक्षेप, जो डाव्या विचाराचे मित्रमैत्रिणी घेतात आणि बरोबर घेतात. दवाखाना चालवणं सरकारचं काम, ते तुम्ही गरिबातल्या गरीब बाईच्या डोक्यावर का टाकताय? शहरी मिशनमधे महिला आरोग्य समिती असते, 50 ते 100 घरांमागे एक, आणि तिला वर्षाला 5,000 रुपये मिळतात. शंभर घरांना भागलं तर घरामागे वर्षाला 50 रुपये. एवढ्यात बायकांनी वस्तीचं आरोग्य बघावं असं म्हणणं हा अपमान आहे, आणि मी तसं म्हणत नाहीये. डॉक्टर, नर्स, औषध, तपासणी हे सरकारने आणि नगर निगमने द्यायचं. गटाने ते मिळतंय का बघायचं, नाही मिळालं तर मागायचं, आणि आपल्यातल्या बाईला तिथपर्यंत पोचवायचं. आणि जी बाई हे काम रोज करेल, घरोघर बीपी मोजेल, टीबीच्या पेशंटच्या गोळ्यांवर लक्ष ठेवेल, तिला पगार द्यायचा, मानधन नाही, सेवाभाव नाही. जामखेडला मानधन नावापुरतंच होतं हे मला माहीत आहे, पण तिथं शेतीचं गाव होतं आणि कर्जाने बाईचा जोडधंदा उभा राहत होता, इथं जी बाई एक सकाळ सोडते तिच्या तीन घरांची मजुरी जाते. बिनपगारी सेवा ही दलित बायकांना आधीच शेकडो वर्षं करायला लावलेली आहे.

हे हक्काचं मागणं नवीन पण नाही. महूला जन्मलेल्या बाबासाहेबांनी 1928 मधे मुंबईच्या विधिमंडळात कामगार बायकांच्या बाळंतपणाच्या रजेच्या बिलाला पाठिंबा दिला, 1938 मधे संततिनियमनाचा ठराव त्यांच्या पक्षातर्फे आला, तेव्हा तो विषय उच्चारायलाही लोक लाजत होते. 1942 मधे नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद झाली, तिथं हजारो बायका जमल्या आणि त्यांनी घटस्फोटाच्या हक्काबरोबर गिरणीतल्या, विडी कारखान्यातल्या बायकांसाठी रजा मागितली. त्या बायकांना कोणी सक्षम केलं नव्हतं, त्या आपल्या भाकऱ्या बांधून आल्या होत्या.

मग इंदूरच्या बाकी मराठी समाजाने काय करावं, हे मला नेहमी विचारतात, चांगल्या मनाने विचारतात. एक दिवसाचं शिबिर, फळवाटप आणि फोटो यातून खरंच काही होत नाही, गोळ्या पंधरा दिवसांनी संपतात. आपल्यात निवृत्त बँकवाले किती आहेत, त्यांनी महिन्यातून एक संध्याकाळ एखाद्या गटाला हिशोब शिकवावा, वही स्वतः न लिहिता. डॉक्टर किती आहेत, त्यांनी आपला नंबर गटाला द्यावा, ऑपरेशन सांगितलेले कागद बघून दुसरं मत द्यायला, त्याला पाच मिनिटं लागतात. संजीवनी क्लिनिक आणि बाकीच्या सरकारी दवाखान्यांच्या वेळा ज्यांना बदलून घेता येतील अशा ओळखी आपल्यातल्या लोकांच्या आहेत, त्या वापराव्या, कारण दिवसाच्या ओपीडीला घरकामवाली, झाडूवाली जाऊच शकत नाही, तिला संध्याकाळी सहा ते नऊ हवं. आणि ज्यांच्या घरी बाई कामाला येते, म्हणजे जवळपास सगळ्यांच्याच, त्यांनी तिला महिन्याला चार पगारी सुट्ट्या द्याव्या, ती स्वतःच्या किंवा मुलाच्या तपासणीला गेली त्या दिवसाचे पैसे कापू नयेत, आणि ती तीन दिवस आली नाही तर दुसरी शोधण्याआधी तिला फोन करून विचारावं की मावशी बरं आहे ना, दवाखान्यात कोणी बरोबर आहे का.